आठ दिशांची वही

रंगाचा इतका द्वेष करणारा माणूस आमच्या भावोजींखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. जगात जे काही बिघडतं ते कुठेतरी दोन धातूंच्या मध्ये रंगाचा थर आल्यामुळेच बिघडतं, अशी त्यांची खात्री होती, आणि ही खात्री ते आपल्या कामापुरती ठेवत नसत. इतर माणसं शर्टाच्या खिशात जिथे पेन ठेवतात तिथे त्यांच्याकडे पॉलिश पेपरची घडी आणि एक बोथट सुरी असायची. रंगवलेल्या पत्र्यावरून स्क्रू पिळलेला दिसला की त्यांचा हात खिशाकडे गेलाच. स्क्रू काढायचा, खालचा रुपयाएवढा रंग खरवडून धातू उघडा पाडायचा, स्क्रू परत बसवायचा आणि पाणी आत जाऊ नये म्हणून वरून पांढऱ्या सीलंटचं कडं फिरवायचं. आमच्या शाळेचं फाटक, आक्काचं लोखंडी कपाट, माझ्या सायकलचं कॅरिअर, आचऱ्याच्या रस्त्यावरची एसटी थांब्याची पाटी, सगळ्यांवर ती पांढरी कडी आहेत. भावोजींना जाऊन वर्ष होत आलं. पाटीवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने उडाली, कडी अजून आहेत. बसची वाट बघत तिथे उभा राहिलो की सवयीने मी पुस्तक उघडतो, पण हल्ली पान उलटत नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला मी आक्का म्हणतो. मी एकटा माणूस. हायस्कुलात मराठी शिकवलं, तिथलं ग्रंथालय सांभाळलं आणि आक्काच्या घराला लागून, दगडी कुंपणाच्या गडग्याच्या अलीकडे, राहिलो. भावोजींची उभी नोकरी घाटावरच्या एका विमान शिकवणाऱ्या संस्थेत झाली. तिथली विमानं लहान, दोन माणसांची, फार तर चार. त्यांच्यावर रेडिओच्या अँटेना बसवणं हे भावोजींचं काम. गावात त्यांच्या कामाबद्दल दोन मतं होती. काहींना वाटे ते विमान चालवत, काहींना वाटे ते विमानतळावर रेडिओ विकत. भावोजींनी दोन्ही मतं तशीच राहू दिली, कारण खोडायची तर खरं काम समजावून सांगावं लागणार, आणि ते समजावायला बसले की ऐकणाऱ्याची दुपार जायची. माझ्या पुष्कळ दुपारी गेल्या, म्हणून मला त्यातलं थोडं कळतं. विमानाच्या पाठीवर जी दोन फुटांची काडी उभी असते ती अँटेना, हे कोणालाही दिसतं. पण ती काडी म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं तिच्याखाली असतं. तिथे धातूचा पसरलेला पत्रा लागतो, आणि त्याच्या आधारावर काडीतून आवाज लांब जातो. त्यांच्या धंद्यात त्याला ग्राउंड प्लेन म्हणतात, भावोजी ‘खालचो पत्रो’ म्हणत. ॲल्युमिनियमच्या विमानाचं अंगच त्या पत्र्याचं काम करतं, फक्त काडीच्या बुडाशी रंग खरवडावा लागतो. लाकडी किंवा फायबरच्या विमानाला तसं अंग नसतं. तिथे आतून तांब्याच्या पट्ट्या चिकटवून तो पत्रा तयार करावा लागतो.

“काडी सगळ्यांका दिसता,” भावोजी म्हणत. “खालचो पत्रो कोणाक दिसणा नाय. आणि आवाज जाता तो त्येच्या जिवार.”

हे बोलताना त्यांची नजर न चुकता आक्काकडे जायची. ती भाजी चिरता चिरता म्हणायची, “माका कशाक बघतास? मी काय पत्रो?”

त्यांना मूलबाळ झालं नाही. निवृत्त होऊन दोघं गावी आली तेव्हा सामानाबरोबर पत्र्याचं वेडही आलं. सकाळच्या बातम्या भावोजी आक्काच्या परातीवर ऐकत. परात पालथी घालायची, तिच्या मधोमध ट्रान्झिस्टर काडी बाहेर ओढून उभा करायचा, आणि बातम्या संपेपर्यंत परातीला कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे त्या घरात भाकरीचं पीठ कधी मळलं जाईल हे दिल्लीतल्या घडामोडींवर अवलंबून असे. निवडणुकांच्या दिवसांत आम्ही फार उशिरा जेवलो. कंटाळून आक्काने दुसरी परात घेतली, तर ती त्यांनी मोबाईलखाली ठेवली. सीलंटचंही तसंच. पाणी कुठूनही वाट काढतं या भीतीने त्यांनी एकदा आक्काच्या लोणच्याच्या बरण्यांची झाकणं सीलंटने बंद केली. त्या वर्षीचं लोणचं अजून माळ्यावर आहे. ते उघडणं कोणाला जमलं नाही, आणि आता कोणी उघडणारही नाही.

बांद्याला आमच्या एका पुतणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मंडपातला कर्णा खरखरायला लागला. दुसऱ्या मंगलाष्टकाला भावोजी खुर्चीवरून उठले, तिसऱ्याला मंडपामागे दिसेनासे झाले, चौथ्याला आवाज साफ बंद पडला, आणि पाचवं इतकं स्वच्छ आलं की भटजी स्वतःच्याच आवाजाने दचकले. मुलीच्या मामाने मागे वळून विचारलं, “कोण रे तो पाठीमागे?” कोणीतरी म्हणालं, “मालवणचो इमानवालो.” भावोजी घाम पुसत येऊन माझ्या शेजारी बसले. टाकायच्या राहिलेल्या अक्षता त्यांच्या मुठीत तशाच होत्या. माझ्या कानाशी लागून ते म्हणाले, “बुडाक रंग होतो.” मग नवरानवरीचे हार घालून झाले होते तरी त्यांनी त्या अक्षता आपल्या जागेवरून नेमाने टाकल्या. त्या पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या अंबाड्यावर पडल्या.

आणि हा माणूस जन्मात एकदाही उडाला नाही. विमानांच्या पोटात त्यांनी आयुष्य काढलं, पण इंजिन सुरू झालं की ते खाली उतरत. संस्थेतल्या लोकांनी कितीदा आग्रह केला, आक्का तर लग्न नवीन होतं तेव्हापासून सांगत होती की एकदा वर जाऊन बघा आणि मला सांगा कसं दिसतं ते. त्यांचं उत्तर ठरलेलं. “मी खालचो माणूस. मी वर गेलंय तर खाली कोण आयकतलो?”

एका बाबतीत मात्र त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे, ती म्हणजे आठ दिशांचा तपास. अँटेना बसवून झाली की विमान मैदानाच्या मधोमध आणायचं, एका माणसाला वॉकीटॉकी देऊन लांब उभं करायचं आणि विमानाचं तोंड आळीपाळीने आठही दिशांना फिरवून प्रत्येक वेळी आवाज नीट पोचतो का ते बघायचं. आवाजाला शून्य ते पाच गुण. पाच म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखा, शून्य म्हणजे काहीच नाही. गुण वहीत लिहायचे आणि खाली सही करायची. असा तपास सगळेच करतात. पण बाकीचे लोक रेडिओवर एक, दोन, तीन, चार, पाच असे आकडे म्हणतात आणि पलीकडचा ‘ऐकलं’ म्हणतो. भावोजींनीही सुरुवातीला तसंच केलं. एकदा पलीकडच्या माणसाने जेवणाच्या सुट्टीच्या ओढीने न ऐकताच ‘ऐकलं, पाच’ म्हणून टाकलं. भावोजींनी विश्वासाने लिहिलं, सही केली. दोन दिवसांनी एक शिकाऊ वैमानिक तेच विमान घेऊन वर गेला. ढग भरून आले म्हणून खालचे लोक त्याला परत बोलावत होते आणि तो नेमका अशा बाजूला वळलेला होता की त्याला काही ऐकू येईना. बराच वेळ भरकटून तो एका माळावर उतरला. त्याला इजा झाली नाही, चाक मोडलं. कोणी कोणाला बोल लावला नाही. भावोजींनी मात्र त्या दिवशी आकडे सोडले ते कायमचे. त्यानंतर ते शब्द म्हणत, मनाला येईल तो, पलीकडच्याला आधी ठाऊक नसलेला. आणि पलीकडच्याने तोच शब्द परत म्हणून दाखवायचा.

“आकड्यांचा काय खरा नाय,” ते मला सांगत. “एकाच्या मागसून दोन येतलो, ह्या बहिऱ्याकय म्हायत आसता.”

निवृत्तीनंतरही घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवरून त्यांना अधूनमधून बोलावणं यायचं. एकदा ते मला सोबत घेऊन गेले. फोंडाघाटला एसटी बदलली, स्टँडवर चहा घेतला, भावोजींनी टपरीवाल्याच्या पत्र्याचा एक स्क्रू खरवडला, आणि आम्ही घाट चढून वर गेलो. तिथे फायबरचं एक पांढरंशुभ्र दोन आसनी विमान होतं. शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे कॅप्टन म्हणत. भावोजी दिवसभर विमानाच्या पोटात आडवे पडून तांब्याच्या पट्ट्या चिकटवत होते. लहान मुलं चित्रातल्या सूर्याला किरणं काढतात तशा त्या काडीच्या बुडापासून चहूकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तपास. मला त्यांनी लांब पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं आणि स्वतः विमानात जाऊन बसले. दोन माणसं शेपटी धरून विमान फिरवत होती.

“तिरफळ,” वॉकीटॉकीतून आवाज आला.

“तिरफळ,” मी म्हणालो.

“कुळीथ.”

“कुळीथ.”

असं छान चाललं होतं. सातव्या खेपेला विमानाचं तोंड वायव्येला आलं. ऊन टाळूवर आलं होतं, पोटात भूक होती, आणि कानाशी नुसती खरखर. काहीतरी तीन अक्षरी असावं असं मला वाटलं. मी म्हणालो, “बांगडो.”

मग विमानाचं दार उघडलं, आणि भावोजी सगळं मैदान चालत माझ्यापर्यंत आले.

“मास्तर, तू बांगडो खंयसून आणलंस?”

“तुम्हीच म्हणालात ना?”

“मी गप होतंय. मी काय्यक बोलाक नाय.”

ते रागावले नव्हते. रुमालाने मान पुसत म्हणाले, “मधी एकदा मी गपच रवतंय. खरो माणूस आसलो तर तो सांगता, काय आयकाक येवक नाय म्हणान. तू चांगलो माणूस आसस, पण तुका भूक लागली.” एवढं बोलून ते परत गेले आणि या वेळी खरोखरच काहीतरी म्हणाले. मला ते नीट ऐकू आलं नाही आणि मी तसं सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं: वायव्य, एक.

कॅप्टन घड्याळ बघत होते. दुपारी त्यांचा एक विद्यार्थी पहिल्यांदाच एकटा उडणार होता, त्याचे आईवडील गाडी करून बघायला आले होते. ते म्हणाले, “काका, एका दिशेला थोडं कमी आलं तर काय बिघडतं? वळला की परत ऐकू येईल त्याला.”

ऑफिसातल्या माणसांशी बोलताना भावोजी पुस्तकी मराठीत शिरत. ते म्हणाले, “साहेब, नेमकं त्याच दिशेला असताना कोणी हाक मारली तर?”

“तीन लिहा. तीन चालतं.”

“एक आलाय. एकच लिहिणार.”

मग वही मिटून ते पंखाच्या सावलीत बसले. विद्यार्थ्याची आई दुरून त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू तिच्या मुलाचं लग्नच त्यांनी मोडलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या पट्ट्या पुन्हा तपासल्या. एका पट्टीच्या टोकाशी, सीटच्या धातूच्या चौकटीवर, बोटभर रंग राहिला होता. तो त्यांच्याच नजरेतून सुटला होता, आणि ते कॅप्टनना हाताला धरून तो दाखवायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठही दिशांना पाच आले. भावोजींनी सही केली, मुलगा उडाला, आईने भावोजींच्या हातावर पेढा ठेवला. परतीच्या वाटेवर फोंडाघाटला एसटी बदलताना भावोजींनी चहा घेतला. मग म्हणाले, “रंग माझ्याच डोळ्यान सोडलो. म्हातारो झालंय रे मास्तर.”

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगतोय ते आक्कासाठी. तिचे कान जायला लागले तेव्हा पहिल्यांदा ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या घरात बोलायचं काम भावोजी करत आणि आक्का आपल्याला हवं ते उत्तर देई. ते आकाशाबद्दल विचारत, ती माशांबद्दल सांगे. चाळीस वर्षं संसार असाच सुखाने चालला होता. पण एके दिवशी ती पाणंदीतून दुधाची बरणी घेऊन येत असताना मागून पाहुण्यांची एक मोठी गाडी आली. किनाऱ्यावर हल्ली अशा गाड्या फार. गाडीने हॉर्न दिला, पुन्हा दिला. पडवीतून भावोजींनी हाक मारली. आक्का वळली नाही. गाडी तिच्या पदराला घासून थांबली. ड्रायव्हर खाली उतरून काहीबाही बोलला, तेही तिला ऐकू आलं नाही. तिला वाटलं तो रस्ता विचारतोय, तिने त्याला किल्ल्याकडे जायची वाट दाखवली. भावोजी पडवीच्या खांबाला धरून उभे होते. त्या दिवशी त्यांनी बातम्या ऐकल्या नाहीत.

आम्ही तिघं ओरोसला डॉक्टरांकडे गेलो. तिथे एका बंद खोलीत आक्काच्या कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. भावोजींना ही रीत मुळीच पटली नाही. “बोट कोणय वर करता,” ते मला म्हणाले. “शब्द सांगूक व्हयो आणि तोच परत वदवून घेवक व्हयो.” डॉक्टर भला माणूस होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कानात घालायचं यंत्र दिलं. भावोजींनी घरी येऊन आधी त्याचा खालचा पत्रा कुठे आहे ते भिंगातून शोधलं. आक्काने चार दिवस यंत्र घातलं. माडांच्या झावळ्यांचा आवाज तिला डोक्यात सुरी घासल्यासारखा ऐकू येई. पाचव्या दिवशी तिने ते तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं.

मग भावोजींनी नवी वही केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आक्काने खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, बाकड्यावर तुळशीकडे तोंड करून बसायचं आणि भावोजींनी वीस पावलांवरून आठ दिशांना उभं राहून साध्या आवाजात एकेक शब्द म्हणायचा. रेघा मारलेले रकाने विमानांच्या वहीसारखेच. विमानाचा क्रमांक लिहायच्या जागी त्यांनी ‘सौ.’ लिहिलं होतं, आणि प्रकार या रकान्यात ‘धातूचे, जुने, पत्रा उत्तम’.

“माका काय इमान समाजलात?” आक्का म्हणाली.

“गप बस गो. तोंड तुळशीकडे ठेव.”

पहिल्या महिन्यात तुळशीकडून पाच आले, विहिरीकडून तीन. वायव्येला परसाच्या कोपऱ्यात आंबट बिमलीचं झाड आहे, तिथून दोन. भावोजी तिथून “रातांबो” म्हणाले आणि आक्का गंभीरपणे म्हणाली, “होय, जेवल्यार सांगतंय.” मी हसलो, भावोजी हसले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी एक जुना ॲल्युमिनियमचा पत्रा आणून बाकड्याखाली खळ्यात चांगला आठ फूट पसरला. त्याने कानाला काही होणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? “करून बघूक काय जाता,” एवढंच म्हणाले. आणि त्या पत्र्याचा उपयोग झाला. कोणी त्याच्या कडेवर पाऊल ठेवलं की आक्काला तो तळपायाला समजायचा आणि ती वळून बघायची. भावोजी दिवसभर निमित्त काढून पत्र्यावर ये-जा करत होते आणि ती दर वेळी वळत होती. संध्याकाळी ती म्हणाली, “आता पुरे. मान दुखाक लागली.” इतकं खूश मी त्यांना विमानाजवळही पाहिलं नव्हतं.

पण पत्रा खळ्यापुरता आणि तपास दर महिन्याचा. तीनचे दोन होत गेले, दोनचे एक. तीन-चार महिन्यांनी मी रविवारी तिकडे जाणं सोडलं. माझ्याने ते बघवत नसे. पुस्तक घेऊन मी घरात बसायचो आणि गडग्यापलीकडे भावोजींचा आवाज फिरत असलेला कानावर यायचा. काय म्हणतात ते मी मुद्दाम ऐकत नसे.

भावोजी गेले ते गेल्या वैशाखात, सकाळच्या वेळी. आक्काने बांगड्यांची कढी करायला घेतली होती, आंबटाला बिमली हवी होती, ती काढायला ते परसाच्या कोपऱ्यात गेले. आक्का बाकड्यावर नारळ खवत होती, तोंड तुळशीकडे. बराच वेळ झाला तेव्हा ती उठून बघायला गेली. ते झाडाला टेकून बसल्यासारखे होते आणि ओंजळभर बिमल्या मांडीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, फार वेळ लागला नसेल. त्या थोड्या वेळात त्यांनी हाक मारली असेल का, हे आक्काने मला विचारलं नाही आणि मी तिला विचारलं नाही. मी घरातच होतो. कानात काही दोष नाही माझ्या. पुस्तकात होतो.

दिवसकार्य होईपर्यंत माणसं भेटायला येत होती. खळ्यातला पत्रा कोणी उचलला नव्हता. येणारा त्याच्यावर पाऊल ठेवायचा, आणि आक्का दर वेळी वळून बघायची.

बारावं तेरावं झाल्यावर मी त्यांच्या वह्या बांधून ठेवायला घेतल्या. विमानांच्या वह्या एकीकडे आणि ती एक वही वेगळी. मला एकच रकाना बघायचा होता. पहिली पानं मी ओळखत होतो: वायव्य दोन, वायव्य दोन, वायव्य एक. प्रत्येक दिशेपुढे त्या वेळी म्हटलेला शब्दही त्यांनी लिहिला होता; रातांबो, शिरवाळे, होडी, पायली. मग एक पान असं आलं की तुळशीपुढे तेवढा चार होता आणि बाकी सातही दिशांना शून्य. त्याच्या पुढचं पान उघडलं आणि मी थांबलो. तुळस पाच. विहीर पाच. गोठा पाच. वायव्य पाच. त्यानंतर शेवटच्या महिन्यापर्यंत पाचच पाच, खाली प्रत्येक महिन्याला सही.

मला राग आला, हे लिहायला लाज वाटते. तीन लिहायला तयार नसलेला माणूस तो. कोणाच्या तरी मुलाच्या जिवासाठी सबंध दिवस पंखाखाली बसला, आणि स्वतःच्या बायकोच्या बाबतीत पाच लिहून मोकळा झाला? मी पानं पुन्हा चाळली, तेव्हा शब्दांचा रकाना दिसला. ज्या पानापासून पाच सुरू झाले होते त्या पानापासून रातांबो नव्हता, होडी नव्हती. प्रत्येक दिशेपुढे त्यांच्या बारीक अक्षरात एकच होतं: ‘एक ते पाच’.

मी वही घेऊन आक्काकडे गेलो. तिच्यासमोर बसून, ओठ तिला दिसतील असं बोलावं लागतं. वही तिच्या मांडीवर ठेवली. तिने चष्मा लावून बोटाने ओळी वाचल्या.

“ह्या काय? बिमलीकडसून पाच?”

“होय.”

“माका थंयसून काय्यक आयकाक येय नाय,” ती म्हणाली. “खंयसूनच येय नाय.”

“मगे तू काय सांगीस?”

“त्येनीच सांगल्यानी, आता शब्द नको, आकडेच म्हणतलंय. ते जावन उबे रवत. मी मनात एक ते पाच म्हणी आणि सांगी, आयकलंय. नायतर त्येंका झोप येय नाय.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून तिने विचारलं, “त्येंका कधी कळला नाय मा?”

माझ्या हाताखाली ते पान होतं, जिथे शब्द संपले होते. मी म्हणालो, “नाय.”

तिचा चेहरा निवांत झाला. वही मिटून तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “आज पयलो आयतवार आसा.” मग कोकमाची सुपली घेऊन ती बाकड्यावर जाऊन बसली, तुळशीकडे तोंड करून.

तेव्हापासून दर महिन्याला ते काम माझ्याकडे आहे. त्या पहिल्या रविवारी मी तुळशीपाशी उभा राहून एक ते पाच म्हणालो, आक्का म्हणाली, “आयकलंय.” विहिरीपासून म्हणालो, गोठ्यापासून म्हणालो. ती सुपलीतली कोकमं निवडत, मान वर न करता, नेमक्या वेळाने सांगत होती. वायव्येला बिमलीखाली गेलो तेव्हा कोणी न काढलेल्या बिमल्या पिवळ्या होऊन जमिनीवर पडल्या होत्या. मी वही उघडली, घसा साफ केला. आकडे काही आले नाहीत. आक्काची पाठ मला दिसत होती आणि मी गप उभा होतो.

“आयकलंय,” आक्का म्हणाली.

मी वायव्येपुढे पाच लिहिले आणि खाली सही केली.